पिशवीतला अंगठा

“हा गम आहे, एवढंच लिहून द्या मॅडम. बाकीचं आम्ही बघून घेतो,” पराग म्हणाला आणि त्याने झिप लावलेली एक छोटी प्लास्टिकची पिशवी टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

पिशवीत अंगठ्याच्या पेराएवढा एक पातळ पापुद्रा होता. कांद्याच्या आतल्या सालीसारखा, आरपार दिसणारा. पिशवीवर मार्करने ‘एव्हिडन्स’ असं लिहिलं होतं.

पराग म्हणजे कंपनीचा एचआर हेड. त्याच्या शेजारी सिक्युरिटीचे कदम बसले होते, दरोडेखोर पकडून आणल्याच्या थाटात. आणि दोन खुर्च्या सोडून पलीकडे सुहास घाडी. चाळिशी ओलांडलेला, पुढचे केस विरळ झालेले, इस्त्रीचा शर्ट. त्याने दोन्ही मुठी मिटून मांडीवर ठेवल्या होत्या आणि नजर टेबलाच्या कडेवर होती. गळ्यात ओळखपत्र नव्हतं.

मी डॉक्टर आहे. माझा दवाखाना बोरीवलीत. आठवड्यातल्या काही दुपारी मी मालाडच्या या ऑफिसात ‘व्हिजिटिंग डॉक्टर’ म्हणून बसते. आम्ही स्टाफची किती काळजी घेतो हे क्लायंटला फिरवून दाखवता यावं म्हणून कंपनी असा एक माणूस ठेवते. माझ्या केबिनमधल्या तपासणीच्या खाटेवर दिवाळीचे कंदील आणि ‘हेल्थ इज वेल्थ’चा गुंडाळलेला बॅनर ठेवलेला असतो. पेशंट आला की आधी कंदील उतरवायचे, मग पेशंटला चढवायचं. नावं अर्थातच बदलून सांगते आहे. कंदील मात्र खरे आहेत.

कंपनीचं काम काय, तर हॉस्पिटलच्या बिलांचे इन्शुरन्स क्लेम तपासणं. म्हणजे लोकांचे आजार खरे की खोटे, हे इथे दिवसभर बसून ठरवलं जातं. असं काम वर्षानुवर्षं केलं की माणसाची नजर बदलते. समोरचा शिंकला तरी त्यामागे काय हेतू असेल, असा विचार इथल्या वरच्या मंडळींच्या मनात आधी येतो.

त्यात गेल्या वर्षी एक प्रकरण झालं होतं. दोन मुलांनी पांढऱ्या गमचा पातळ थर वाळवून एकमेकांच्या अंगठ्याचे ठसे तयार केले. एक सिनेमाला गेला की दुसरा त्याची हजेरी लावायचा. याला ‘प्रॉक्सी’ म्हणतात. दोघं पकडले गेले, त्यांना घालवलं, आणि त्या दिवसापासून परागला सगळीकडे गम दिसू लागला.

आज सकाळी झालं होतं ते असं. ऑफिसच्या दाराशी बायोमेट्रिक मशीन आहे. काचेवर अंगठा ठेवायचा, रेषा जुळल्या की हिरवा दिवा लागतो आणि मशीनमधली बाई ‘थँक यू’ म्हणते. सुहासने अंगठा ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, पुन्हा लाल. मागे रांग वाढत होती आणि लोक “अरे चल ना यार” करत होते. त्याने घाईघाईत अंगठा शर्टावर घासला आणि जोर देऊन दाबला. उचलला तेव्हा हा पापुद्रा काचेला चिकटून राहिला, त्यावर ठशाच्या रेषा अगदी स्वच्छ. कदमांनी तो पाहिला आणि त्यांच्या नोकरीचं सार्थक झालं.

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण ते घडलं. कदमांनी तो पापुद्रा स्वतःच्या अंगठ्यावर चढवून मशीनवर लावून पाहिला. मशीनने नकार दिला. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की ठसा नकलीच आहे, फक्त नीट जमलेला नाही.

मग पराग स्वतः फ्लोरवर आला. या कंपनीत एक पद्धत आहे. नव्या माणसाच्या ओळखपत्राची पट्टी पिवळी असते. प्रोबेशन संपून नोकरी पक्की झाली की पराग सगळ्यांना गोळा करतो, पिवळी पट्टी काढतो, स्वतःच्या हाताने निळी घालतो आणि टाळ्या वाजतात. सुहासचं प्रोबेशन संपत आलं होतं. आधीची कंपनी बंद पडल्यावर बराच काळ घरी बसून त्याला ही नोकरी मिळालेली. आरे कॉलनीत राहतो, घरी आई, बायको आणि नर्सरीतली मुलगी. परागने त्याच जागी, तशाच जमलेल्या लोकांसमोर त्याच्या गळ्यातली पिवळी पट्टी काढून घेतली. म्हणाला, “चोरीला इथे झीरो टॉलरन्स आहे.” या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत, एवढंच.

“टेक्स्टबुक केस आहे मॅडम,” पराग मला सांगत होता. “फक्त मेडिकल ओपिनियन हवं, की ही नॅचरल गोष्ट नाही. मग टर्मिनेशनला प्रॉब्लेम येत नाही.”

“हा कोणाची प्रॉक्सी लावत होता?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“म्हणजे हा स्वतः हजर होता ना? स्वतःच्या अंगठ्यावर स्वतःचाच नकली ठसा लावून हा नक्की कोणाला फसवत होता?”

परागने पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. मग म्हणाला, “तेच शोधायचंय. मागे रॅकेट असू शकतं.”

कदमांनी गंभीरपणे मान हलवली.

मी सुहासला हात दाखवायला सांगितलं. त्याने मुठी उघडल्या, पण तळवे वर करायला त्याला वेळ लागला. दहाही बोटांच्या टोकांची साल निघत होती. कुठे अर्धी सुटून लोंबत होती, कुठे पूर्ण गेली होती आणि खाली गुलाबी, नाजूक कातडी दिसत होती. तळहाताच्या मध्यावरही चकत्या निघाल्या होत्या.

“दुखतं?”

“आता नाही मॅडम. ताप होता तेव्हा दुखायचं. की-बोर्डवर बोट ठेवलं की जीव जायचा.”

“ताप कधी होता?”

“झाले की तीनेक आठवडे. आधी घसा धरला. मग तोंड असं आलं की पाणी पण गिळवेना. हातावर फोड उठले, आणि पा...” तो थांबला आणि परागकडे बघून एकदम गप्प झाला.

“पायावरही?”

“होय.”

“बूट काढा.”

“मॅडम, ही कॉन्फरन्स रूम आहे,” पराग म्हणाला.

“मघापासून तुम्ही इथे पोलीस चौकी चालवताय. आता थोडा वेळ मी दवाखाना चालवते.”

सुहासने बूट काढले, मोजे काढले. मोज्यांबरोबर सालीचे तुकडे खाली पडले. दोन्ही तळपाय टाचेपासून बोटांपर्यंत सोलवटले होते. मी त्याला पाय शेजारच्या खुर्चीवर ठेवायला लावले आणि खुर्ची कदमांच्या बाजूला वळवली.

“कदम, तुमच्या मशीनवर पाय ठेवून हजेरी लागते का हो?”

“नाही मॅडम.”

“मग हा माणूस तळपायाला गम लावून काय करत असेल?”

कदमांनी परागकडे पाहिलं. परागने लॅपटॉपकडे पाहिलं.

या आजाराला हँड, फूट अँड माउथ म्हणतात. हात, पाय आणि तोंड, नावातच सगळं आलं. एका विषाणूमुळे होतो. लहान मुलांमध्ये नेहमीचा, नर्सरीत एकाला झाला की पाठोपाठ अनेकांना होतो. थुंकी, शेंबूड, फोडातलं पाणी, शी, यांच्यातून हातांवर आणि हातांवरून तोंडात. त्याच्यावर खास औषध नाही. ताप उतरवायचा, थंड पातळ काहीतरी पोटात जाऊ द्यायचं आणि वाट बघायची. मोठ्या माणसांना कमी वेळा होतो, पण होतो, आणि कधीकधी मुलांपेक्षा जास्त हाल करतो. आजार बरा झाल्यावर काहींच्या हातापायांची साल निघते. वरचा थर आख्खा सुटून येतो, त्यावर ठशाच्या रेषा जशाच्या तशा असतात. खालची नवी कातडी कोवळी असते आणि तिच्यावरच्या रेषा मशीनला नीट वाचता येत नाहीत. काही आठवड्यांत सगळं पूर्ववत होतं. यात अद्भुत असं काही नाही.

मी सांगत असताना सुहास पहिल्यांदा मान वर करून बोलला. “मॅडम, पण हा कोड तर मी रोज बघतो.”

प्रत्येक आजाराला इन्शुरन्समध्ये एक कोड असतो. या आजाराचे क्लेम अधूनमधून सुहासच्याच टेबलावर यायचे.

“मुलांच्या क्लेममध्ये येतो. मोठ्याच्या नावाने आला की सिस्टम लाल करते. एज मिसमॅच. मग आम्ही क्वेरी टाकतो, डॉक्टरकडून खुलासा मागवतो.” तो आपल्या तळहातांकडे बघत राहिला. “माझ्या मुलीला झाला तेव्हा तिच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं. नंतर मला फोड आले, पण मला वाटलं, मोठ्यांना कसा होईल? सिस्टमच घेत नाही.”

म्हणजे स्वतःच्या अंगावरचा आजार या माणसाने सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवून नाकारला होता. गल्लीतल्या डॉक्टरने व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. शेजाऱ्यांनी उष्णता ठरवली आणि गुलकंद दिला. आईने “कांजण्यो असतले” म्हणून उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला. ताप उतरला तसा तो फोड घेऊन कामावर आला, कारण प्रोबेशनमध्ये रजा वाढल्या की लोकांच्या नजरेत येतं. हे त्याचं चुकलंच. पण या ऑफिसात आजारी पडणं हा गुन्हा आहे हे त्याला कोणी शिकवलं, हेही विचारायला हवं.

मी पिशवी हातात घेतली. “ही कोणी कोणी हाताळली?”

“सकाळच्या मॅनेजमेंट मीटिंगमध्ये दाखवली,” पराग म्हणाला. “सगळ्यांनी बघितली.”

“बघितली की उघडून बघितली?”

“टेक्स्चर फील करायला उघडली होती एक-दोघांनी.” तो अडखळला. “म्हणजे, सगळ्यांनीच.”

“आणि मीटिंगला खायला काय होतं?”

“इडली,” कदमांनी माहिती पुरवली.

“चमच्याने खाल्लीत?”

परागने आपल्या बोटांकडे पाहिलं.

“पराग, ही या माणसाची कातडी आहे. तुम्ही एका जिवंत माणसाच्या अंगाची कातडी पिशवीत भरलीत, टेबलावर फिरवलीत, बोटांनी चुरगाळून बघितलीत आणि मग इडली खाल्लीत.”

पराग उठला आणि भराभर वॉशरूमकडे गेला. कदम बसून राहिले, पण त्यांनी उजवा अंगठा पँटला पुसायला सुरुवात केली आणि पुढे बराच वेळ ते पुसतच होते. इतक्या दिवसांनी गळालेल्या कोरड्या सालीतून लागण होण्याची भीती जवळजवळ नसते. हे मी त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी.

सर्टिफिकेट मी तिथेच लिहून दिलं. आजाराचं नाव, तो बरा झाल्याची नोंद, ठसा काही काळ उमटणार नाही हे, आणि खाली ठळक अक्षरांत: पापुद्रा मानवी त्वचेचा आहे.

तुम्हाला वाटेल, विषय संपला. मलाही वाटलं होतं. पण अर्धवट माहिती आणि मेल पाठवायचा अधिकार एकाच माणसाकडे असला की विषय संपत नसतो. संध्याकाळी सगळ्या ऑफिसला मेल गेला. परागने आजाराचं नाव इंटरनेटवर शोधलं होतं, त्यात त्याला गाईगुरांचे फोटो दिसले होते, आणि सुहास आरे कॉलनीत राहतो हे त्याला ठाऊक होतं. आरे म्हणजे तबेले. मग काय! ‘सावधगिरीचा उपाय म्हणून’ पॅन्ट्रीतलं सुटं दूध बंद करून चहासाठी पाकिटातली पावडर आणली गेली. ‘डेअरी परिसरात राहणाऱ्या’ सहकाऱ्यांनी काही दिवस घरूनच काम करावं, अशी विनंतीही होती. असा सहकारी ऑफिसात एकच होता.

मी फोन केला.

“पराग, गुरांना होतो तो लाळ्या-खुरकूत. तो वेगळा विषाणू आहे. तो माणसांना होत नाही आणि हा गुरांना होत नाही.”

“पण मॅडम, फूट अँड माउथ दोन्हीकडे आहे.”

“पाय आणि तोंड तुम्हालाही आहेत. म्हणून तुम्ही म्हैस होत नाही.”

“मग आलं कुठून हे? त्याच्या मुलीनेच आणलं ना?”

हा प्रश्न मात्र योग्य होता, आणि त्याचं उत्तर रिसेप्शनच्या भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं रंगवलेलं होतं.

महिनाभरापूर्वी कंपनीने ‘फॅमिली डे’ केला होता. कल्पना परागची. सगळ्यांनी मुलांना आणायचं, रंगाच्या ट्रेमध्ये हात बुडवायचे आणि भिंतीवर ठसे उमटवायचे. वर मोठ्या अक्षरांत ‘एक हात, एक परिवार’. मोठ्यांचे हात, त्यांच्या शेजारी पोरांचे चिमुकले हात, आणि बरोबर मध्यभागी सोनेरी रंगात परागचा पंजा. तो दिवस शनिवारचा, मला कोणी बोलावलं नव्हतं. पण नंतर मी वैशालीला विचारलं. वैशाली सुहासच्या शेजारी बसते. तोंडाने फटकळ, आणि फ्लोरवरचं काहीही तिच्या नजरेतून सुटत नाही.

“हात धुतलेत कुठे गं तेव्हा?”

“टबमध्ये. वॉशरूमपर्यंत गेलो तर कार्पेटला रंग लागेल म्हणून सरांनी भिंतीजवळच पाण्याचा टब ठेवलेला. आणि दोन नॅपकिन.”

“सगळ्यांना मिळून?”

“हो ना. पोरं तर त्यात खेळतच होती. एकाने तोंड पण धुतलं. मग लगेच वडापाव.” तिने स्वतःचे हात पुढे केले. तिच्या बोटांचीही साल निघत होती. “मॅडम, मला भांड्याच्या साबणाने झालंय असं वाटत होतं. माझा पण अंगठा कधी लागतो, कधी लागत नाही. मी गपचूप डावा लावते. दोन्ही रजिस्टर आहेत.”

छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण एका टबातलं पाणी, दोन ओले नॅपकिन आणि त्यावर हाताने खाल्लेला वडापाव, एवढं या विषाणूला पुरून उरतं. कोणाच्या मुलाने आणला हे मी शोधलं नाही आणि परागला शोधू दिलं नाही. पोरांच्या नाकातोंडाला काहीतरी असतंच. चाळिसेक लोकांचे हात एका पाण्यात बुडवायची अक्कल मोठ्यांची होती.

मी भिंतीवरचे पंजे बघत फ्लोरवर गेले आणि ज्यांचे ठसे होते त्यांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं. कंदील खाली, माणसं वर. सुहासला काय झालंय हे कळल्यावर लोक बोलायला लागले. कोणी मिरचीने तोंड आलं म्हणून सांगितलं होतं, कोणी नव्या चपलेने पाय सोलले म्हणून. तोंडावर मास्क लावून ‘सर्दी आहे’ सांगणारा एक जण निघाला. सगळे दुसऱ्यांचे आजार तपासून पगार घेणारे, आणि स्वतःचा आजार दिसला तर खोटी कारणं शोधणारे. मी त्यांना रागावले. पण सुहासच्या गळ्यातली पट्टी काढताना ते सगळे तिथे उभे होते, सोलवटलेल्या अंगठ्याचं इथे काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे जास्त रागवायला जीव झाला नाही.

कंपनीने यावर काय केलं? सॅनिटायझरच्या बाटल्या मागवल्या. या विषाणूवर सॅनिटायझरचा फारसा भरवसा धरता येत नाही, साबण आणि वाहतं पाणी लागतं, असं मी लिहून दिलं. वॉशरूममधल्या साबणाच्या डब्यात तेव्हाही गुलाबी पाणीच होतं.

सुहासला परत घेतलं. कदमांच्या ड्रॉवरमधून त्याने आपलं ओळखपत्र स्वतः जाऊन आणलं. पट्टी पिवळीच. निळीची तारीख पुढे ढकलली होती, आणि सोबत वॉर्निंग लेटर. कारण, ‘संसर्गजन्य आजार व्यवस्थापनापासून लपवला’. चोरीच्या आरोपाबद्दल एक अक्षर नाही. फ्लोरवर सांगितलं गेलं की मशीनमध्ये ‘टेक्निकल इश्यू’ होता. मग लोकांनी आपापला अर्थ लावला. काही टवाळ पोरं त्याला ‘गम’ म्हणू लागली. पाठीमागून, मग तोंडावर.

तो केबिनमध्ये आला तेव्हा मी विचारलं, “त्रास होतो?”

“हाताला नाही मॅडम.” तो हसायचा प्रयत्न करत होता. “माझे बाबा गिरणीत होते. संपात सगळं गेलं, पण त्यांना कोणी चोर नाही म्हणालं. मला सगळ्या फ्लोरसमोर म्हणाले. नंतर एकाने तरी समोर येऊन सांगायचं ना, की हा चोर नव्हता. नोकरी दिली परत, ते ठीक आहे. पण ते कोणी बोललंच नाही.”

मी त्याला नखांबद्दल सांगून ठेवलं. या आजारानंतर महिना-दोन महिन्यांनी काहींची नखं मुळापासून सुटतात. दुखत नाहीत, घाबरायचं नाही, खालून नवी येतात. हे मी सगळ्यांना मेलवर कळवायला परागला सांगितलं होतं. त्याने कळवलं नाही. लोक उगाच पॅनिक होतील म्हणाला.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका दुपारी पराग माझ्या केबिनमध्ये आला आणि त्याने दार आतून लावलं. कंदील त्याने स्वतःच उचलून खाली ठेवले. चार बोटांना बँड-एड होती.

“कॉन्फिडेन्शियल आहे मॅडम.” त्याने खिशातून टिश्यू पेपरची घडी काढून उघडली. आत तीन नखं होती. “आपोआप निघाली. मला रात्रभर झोप नाही. हे... मोठं काही नाही ना?”

खरंच घाबरला होता. क्षणभर मला त्याची दया आली. मी बोटं तपासली.

“फॅमिली डेनंतर ताप आला होता?”

“थोडासा.”

“तोंड आलं होतं?”

“अ‍ॅसिडिटी वाटली. सगळ्यांना ज्यूस डिटॉक्स सांगितलं.”

“हातावर फोड?”

“होते काही. मी मीटिंग कॅमेरा ऑफ ठेवून केल्या.” मग घाईने, “आम्हाला मशीन नसतं ना मॅडम, सीनियर लोकांना. त्यामुळे लक्षातच आलं नाही.”

“म्हणजे आजार लपवला.”

तो बँड-एड चाचपू लागला.

“व्यवस्थापनापासून,” मी म्हणाले.

मी त्याला सांगितलं की नखं परत येतील, कापून गोल ठेवा, ओढू नका. फुकटची भीती मी कोणाला घालत नाही, निदान दोनदा नाही.

“प्लीज, हे बाहेर जायला नको,” तो म्हणाला.

“माझ्याकडून जाणार नाही. पेशंटची गोष्ट फ्लोरवर जाऊन सांगायची पद्धत माझ्या धंद्यात नाही, तुमच्या धंद्यात आहे. आता एक सांगते, अट म्हणून नाही. ऐकलं नाहीत तरी औषधपाणी करीनच. त्या माणसाची पट्टी तुम्ही जिथे काढलीत, तिथेच घाला. आणि काढताना जेवढ्या मोठ्याने बोलला होतात, तेवढ्याच मोठ्याने बोला.”

तो टिश्यूची घडी घालू लागला.

“पिशवी देऊ का?” मी विचारलं. “झिपवाली आहे. मार्करही आहे.”

त्याने घडी खिशात टाकली आणि दार उघडून गेला.

परागमध्ये शरम किती होती आणि भीती किती, हे मला आजही ठाऊक नाही. पुढच्याच आठवड्यात त्याने फ्लोरवर सगळ्यांना गोळा केलं. मी मागे उभी होते. त्याने घसा साफ केला आणि निम्मं इंग्रजीत, निम्मं पुटपुटत सांगितलं की सुहासवर केलेला आरोप चुकीचा होता, वॉर्निंग मागे घेतली आहे आणि आजपासून तो कायम झाला आहे.

“सर, मागे ऐकू येत नाही,” वैशाली ओरडली.

त्याने पुन्हा सांगितलं. या वेळी मराठीत आणि मोठ्याने. “सुहासने चोरी केली नव्हती. माझी चूक झाली.”

मग त्याने पिवळी पट्टी काढायला हात पुढे केला. या पट्टीला कार्डाजवळ एक कडक क्लिप असते. ती नखाने दाबल्याशिवाय सुटत नाही. परागने दाबली, सुटली नाही. अंगठ्याने, मग दोन्ही हातांनी. बँड-एड सरकली आणि नख नसलेलं लालसर बोट सगळ्यांना दिसलं.  मागून कोणीतरी खुसकन हसलं. सुहासला ‘गम’ म्हणणाऱ्यांपैकीच कोणीतरी असणार.

सुहास हसला नाही. त्याने परागच्या बोटांकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. क्लेम तपासणाराच माणूस तो.

“द्या सर,” तो हळूच म्हणाला. “बोटं सोलली की पहिले काही दिवस जमत नाही. मला माहितीये.”

त्याने स्वतःच क्लिप दाबली, कार्ड सोडवलं, निळ्या पट्टीला लावलं आणि पट्टी परागच्या हातात दिली. परागने ती त्याच्या गळ्यात घातली. टाळ्या वाजल्या. वैशालीने जरा जास्तच वाजवल्या.

दाराशी आता चेहरा बघणारं मशीन आहे. कदम येणाऱ्याजाणाऱ्यांच्या दाढीमिशांकडे संशयाने बघत उभे असतात. भिंत तशीच आहे आणि मध्यभागी सोनेरी पंजाही आहे. वॉशरूममध्ये मात्र खरा साबण आला आहे, तो मी आले की दर वेळी जाऊन बघते.

धडा विचाराल तर एवढाच आहे. हात वाहत्या पाण्याखाली, साबणाने, आपापले धुवा. आणि कोणाच्या हातात काही संशयास्पद दिसलं, तर पट्टीला हात घालण्याआधी त्याला बूट काढायला सांगा.